कापडी पिशवी : उपयोग व साठवण

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तिसऱ्याला २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. तेव्हापासून घरोघरी कापडी पिशव्या भरपूर साठल्या. त्यांचे वसतिस्थान दारामागचा खिळा. लग्नातल्या आहेराची, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची, नगरसेवकाच्या हसऱ्या छबीची अशा पोटजाती तेथे एकावर एक लटकतात. मालक मात्र मंडईत हात हलवत जातो. मेथीची जुडी निवडून झाली की ‘पिशवी आहे का हो?’ असे हळूच विचारतो, आणि भाजीवाली इकडेतिकडे बघून गोणपाटाखालून पातळ काळी पिशवी काढते. (दंडाची पावती फाटलीच तर तिच्या नावाने.)

दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळते ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकच. उन्हात तिचा भुगा होतो. सुती पिशवीमागे कापसाचे पाणी, खत आणि फवारणी असते; ती वर्षानुवर्षे वापरली तरच हा खर्च फिटतो. खिळ्यावरचा मुक्काम वापरात धरत नाहीत. सर्वांत काटकसरी जात जुन्या पँटच्या पायाची. तिच्यात पाच किलो कांदे सहज मावतात, पण ती घेऊन मॉलमध्ये जायला घरातले कोणीच तयार नसते.