होमी भाभाला बसवलंय

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर माणूस चालत नाही. गर्दी त्याला नेते. दहावीनंतरचं सायन्सही तसंच. नव्वद टक्के पडले की मुलगा आपोआप तिथं पोचतो. "सायन्स घेऊन ठेव, पुढे कुठंही जाता येतं," असं डोंबिवलीचा मामा सांगतो. कुठंही म्हणजे इंजिनिअरिंगला, मेडिकलला, नाहीच जमलं तर एमबीएला. पोरानं "मला संशोधन करायचंय" म्हटलं, की मात्र मामाच चहा ओतायचा थांबतो. "अरे, पण स्कोप काय?" पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान संशोधनाची संस्था आहे, असं कुणी सुचवलं तर पुढचा प्रश्न तयार असतो, "प्लेसमेंट कसं आहे?"

आवड लावण्यात आपण कमी पडतो असंही नाही. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा कितीतरी वर्षं सहावी-नववीच्या मुलांना लेखी परीक्षेबरोबर प्रयोग आणि प्रकल्पही करायला लावते आहे. मुलांनी स्वतः करून पाहावं, हा हेतू. ठाण्यात त्याचं "आमच्याला होमी भाभाला बसवलंय" झालं. क्लास लावला जातो, तक्ते बाबा काढतात, फाइल आई सजवते. मुलगा कुंडीला पाणी घालतो. पदक एकाला मिळत असलं तरी दमतात तिघं.

आणि तोच मुलगा मिरवणुकीत विचारतो, "बाबा, ढोल वाजला की छातीत का धडधडतं?" नववीच्या पुस्तकात 'ध्वनीचा अभ्यास' हा आख्खा धडा आहे, इथं तो धडा दोरीनं ताणलेल्या कातड्यावर बडवला जात असतो. बाबा विचारतात, "हे पेपरात येतं का?" एक होऊ घातलेला भौतिकशास्त्रज्ञ तिथंच सीए होतो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला जात. ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव; उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे. मला वाटतं, करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांपेक्षा त्या पोस्टकार्डांनी जास्त काम केलं असेल.

म्हणून पोरगं काही विचारेल तेव्हा एवढंच करा. येत असेल तर उत्तर द्या, येत नसेल तर "चल, शोधू" म्हणा. स्कोपचं नंतर बघता येईल.