सदर पान उघडणार नाही

ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसावर होणाऱ्या अन्यायांपैकी एकाची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित उघडणारी वेबसाइट आज सकाळी उघडत नाही. परिपत्रक नाही, पूर्वसूचना नाही. गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी पांढरं पान येतं. चहा घ्या, सविस्तर सांगतो. तुमच्याही ऑफिसात हे चालूच असणार.

आमचा व्यवहार हळद आणि बेदाण्याचा. मुख्य कार्यालय साताऱ्यात, शाखा सांगलीत, आणि मी शाखेत. शाखेचं सगळं इंटरनेट साताऱ्याच्या फायरवॉलमधून फिरून येतं. म्हणजे सांगलीतल्या माणसाला सांगलीतली बातमी वाचायची असेल, तरी ती आधी साताऱ्याला जाते, तिथे तिची तपासणी होते आणि मग ती आमच्या टेबलावर येते. पाणी साताऱ्याकडून येतं हे आम्हाला मान्य आहे, ते भूगोलानं ठरवलंय. इंटरनेटचं कुणी ठरवलं?

पाण्याचा विषय उगाच काढला नाही. पाटण तालुक्यातलं कोयना धरण 105.25 टीएमसीचं. त्याचे दरवाजे उचलले की पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तिथून आमच्याकडे निघतं. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा पावसाळ्यात सांगलीचा माणूस विसर्गाचा आकडा सारखा बघतो ही काही त्याची हौस नव्हे. गोदामातली हळदीची पोती वरच्या मजल्यावर चढवायची की नाही, हमाल थांबवायचे की घरी सोडायचे, हे त्या आकड्यावर ठरतं. भर जुलैत नेमकं विसर्गाचा आकडा देणारं पान बंद झालं.

आता तपास कसा केला तो ऐका, कारण तुम्हालाही करावा लागणार आहे. आधी तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडलं. लगेच उघडलं. म्हणजे वेबसाइट जिवंत, दोष आमच्या भिंतीच्या आत. दुसरा ब्राउझर लावला, शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर पाहिला, दोन्हीकडे नकार. कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख कुठल्या तरी जुन्या साली जाऊन बसते आणि मग सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटायला लागतात. आमची तारीख बरोबर होती. नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर तपासला, त्यानंही पत्ता बरोबर दिला. मग ब्राउझरमधल्या पानाच्या पूर्ण पत्त्याकडे नीट पाहिलं, तर नावानंतर अपूर्णविराम आणि पुढे 8080. इथे खरी गोष्ट उलगडली. वेबसाइट साधारणपणे 80 किंवा 443 क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतात. आमच्या फायरवॉलला तेवढेच दोन पोर्ट ठाऊक. तिसऱ्या दारातून बोलणारा तो संशयित, मग तो धरणातलं पाणी का सांगत असेना.

साताऱ्याला फोन केला. तिथला सिस्टीमवाला मुलगा स्वभावानं चांगला आहे. म्हणाला, "सर, इथं तर काही ब्लॉक दिसत नाही. कॅशे क्लिअर करून रिस्टार्ट मारा." मी म्हणालो, "दादा, मोबाइलवर उघडतंय, ऑफिसच्या लाइनवर नाही. मी रिस्टार्ट करून काय होणार?" तर म्हणाला, "तरी एकदा मारा." मारला. काही झालं नाही, आणि ते त्यालाही आधीच ठाऊक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा डोळे उघडल्यावर बाकीची प्रकरणंही दिसायला लागली. द्राक्षावरच्या डाउनी आणि भुरी या रोगांची आणि त्यांवरच्या औषधांची माहिती देणारं एक पान बंद होतं, वर्गवारी 'मद्य'. तासगावच्या शेतकऱ्याचा माल घेणाऱ्या ऑफिसात द्राक्ष हा शब्द निघाला की दारू आठवते ती कुणाला? हळदीच्या वायदे बाजाराचे भाव 'जुगार' या सदरात अडकले होते. आणि ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्या गावात मराठी रंगभूमीच्या इतिहासाचं पान 'मनोरंजन, कामकाजाशी असंबद्ध' म्हणून नाकारलं गेलं. या वर्गवाऱ्या ठरवणारी मंडळी फायरवॉल विकणाऱ्या कंपनीत कुठे तरी लांब बसतात. लाखो वेबसाइटची यादी बरीचशी यंत्रच करतं, आणि ती जशीच्या तशी साताऱ्यात येऊन लागू होते. सांगलीचं म्हणणं कुणी मागवलेलं नाही.

बंदीपेक्षाही मला जास्त लागतं ते बंदीचं मौन. 'हे पान अमुक कारणानं, अमुक अधिकाऱ्याच्या आदेशानं रोखलं आहे' एवढी ओळ दिसली, तरी माणूस निमूट अर्ज करेल. पण आजच्या बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर असतात. फायरवॉल मध्येच स्वतःची पाटी दाखवायला गेली की ब्राउझरला ती भामटेगिरी वाटते आणि तो 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं ओरडतो. कित्येकदा फायरवॉल पाटीही लावत नाही, सरळ जोडणी तोडते. म्हणजे अडवणारा गप्प, आणि शिव्या खाते वेबसाइट.

यावर उपाय जगाला सुचलेला नाही असंही नाही. कायदेशीर कारणानं रोखलेल्या पानासाठी 451 हा स्वतंत्र संकेतांक 2016 पासून प्रमाणित आहे. पुस्तकं जाळण्यावरच्या रे ब्रॅडबरींच्या कादंबरीवरून तो आकडा घेतला. आपल्या देशाच्या पातळीवरचा अनुभवही वेगळा नाही. 2014 च्या डिसेंबरात 32 वेबसाइट बंद करण्याचा आदेश निघाला, त्यात प्रोग्रॅमरांची गिटहबही सापडली. 2022 मध्ये व्हीएलसी प्लेअरची वेबसाइट कित्येक महिने उघडत नव्हती. ती बनवणाऱ्या संस्थेला कायदेशीर नोटीस पाठवून आदेशाची प्रत मागावी लागली, तेव्हा नोव्हेंबरात ती सुटली. तरी सरकारकडे निदान माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69अ आहे, 2009 चे नियम आहेत, समिती आहे, आणि संबंधिताला उत्तर द्यायला किमान 48 तास देण्याची तरतूद आहे. आमच्या ऑफिसात भुरीच्या औषधाला 48 सेकंदही मिळाले नाहीत.

शेवटी मला एक फॉर्म भरायला दिला. रकाना होता 'सदर संकेतस्थळाची कार्यालयीन आवश्यकता'. मी लिहिलं, "कृष्णा नदी." फॉर्म परत आला, विभागप्रमुखांच्या सहीसाठी. विभागप्रमुख साताऱ्यात बसतात. तिथे पूर येत नाही, त्यामुळे त्यांनी विचारलं की हा आकडा रोज कशाला लागतो. मी आयर्विन पुलाच्या पातळ्यांचा तक्ता जोडून फॉर्म पुन्हा रवाना केला. पान सुटलं, पण पाणी उतरल्यावर.

म्हणून विनंती आहे. तुमच्याकडे पांढरं पान आलं की रिस्टार्ट मारून गप्प बसू नका. पूर्ण पत्ता, पोर्टच्या आकड्यासकट, तारीख, वेळ, आणि मोबाइलवर ते उघडतं की नाही, एवढं लिहून काढा आणि लेखी तक्रार द्या. तक्रारीत बंदीचं कारण मागा, आदेश देणाऱ्याचं पद मागा, आणि पोच घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका.