वॅट आणि वट

मला गाण्यातलं कळतं, हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. बहुधा मीच सांगितलं असावं. तानसेन होणं जमलं नाही की माणूस कानसेन होतो. त्याला रियाज लागत नाही, नुसती मान डोलवावी लागते. ती मी गेली तीस वर्षं सवाईच्या मंडपापासून सोसायटीच्या भजनी मंडळापर्यंत सगळीकडे डोलवत आलो आहे. समेवर डोलवली तर आजूबाजूचे आदराने बघतात. समेच्या जरा आधीच डोलवली तर जास्त आदराने बघतात, याला आपल्याहून काहीतरी जास्त कळलंय असं वाटून.

अशा माणसाने अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हणजे वेळ लागणारच. आठ महिने लागले. डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही कर्जाच्या कागदपत्रांसकट तीन महिन्यांत घेतला होता, आणि लग्न तर कांदेपोह्यांसह पंचवीस मिनिटांत ठरलं होतं. हे शेवटचं वाक्य बायकोने वाचलं आहे. त्यावर तिचं म्हणणं, "तेव्हा तरी जरा आठ महिने घ्यायचे होतेत. मला."

इंटिग्रेटेड घ्यायचा, एवढं पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. खरे दर्दी तसं करत नाहीत. त्यांच्याकडे प्री-अ‍ॅम्प वेगळा, पॉवर अ‍ॅम्प वेगळा, डॅक वेगळा. प्रत्येकाचं बिऱ्हाड स्वतंत्र, प्रत्येकाचा प्लग स्वतंत्र, आणि मध्ये वायरींचे ताणलेले संबंध. आपलं एकत्र कुटुंब बरं. एकाच डब्यात आवाज निवडणारा, आवाज वाढवणारा, फोनवरून गाणी उतरवून घेणारा आणि जुन्या रेकॉर्डच्या पिनेचा बारीक आवाज समजून घेणारा, सगळे नांदतात. एकाचं बिघडलं की सगळ्यांना घेऊन दवाखान्यात जावं लागतं, पण एकत्र कुटुंबात ते असतंच.

अडलं ते वॅटवर. माझ्या पिढीचा वॅटशी परिचय टू-इन-वनवरच्या 'पीएमपीओ'मुळे झाला. शाळेच्या दप्तराएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या डब्यावर १००० वॅट असं चंदेरी अक्षरात लिहिलेलं असायचं. एवढे वॅट खरेच असते तर डब्याचा इस्त्रीसारखा उपयोग झाला असता. तो आकडा कसा काढायचा याला नियमच नव्हता, त्यामुळे ज्याच्या त्याच्या हिमतीप्रमाणे तो वाढत गेला. एवढं कळूनही मी आठ महिन्यांतले दोन महिने साठ वॅट की ऐंशी वॅट यात घालवले. साठावर ऐंशी म्हणजे जेमतेम सव्वा डेसिबल. तेवढा फरक तर पंखा एकने कमी केला तरी पडतो. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, आणि कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर दहापट. आणि माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत, सत्त्याऐंशी डेसिबलच्या स्पीकरला, बायको स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंतच्या आवाजाला साधारण एक वॅट पुरतो. आपला झिरोचा दिवा, ज्याला आपण झिरो म्हणतो, तोसुद्धा बारा-पंधरा वॅट खातो. म्हणजे भीमसेन जोशींचा षड्ज माझ्या खोलीत भरायला रात्रीच्या दिव्याच्या दशांशसुद्धा लागत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी मला ऐंशीच हवे होते. मित्राकडे सत्तर आहेत. हा वॅटचा नव्हे, वटीचा प्रश्न होता.

मग दुकानं. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गाला, मी इतक्या शनिवारी गेलो की एक दुकानदार मला चहा सांगायचा बंद झाला. दुसरीकडे एका काचेच्या, गार, शांत शोरूममध्ये मला कोचावर बसवून एका परदेशी बाईचं गाणं लावण्यात आलं. अ‍ॅम्प विकायच्या सगळ्या खोल्यांत ही बाई, किंवा तिची बहीण, एका गिटारबरोबर कुजबुजत असते. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "मिड्स जरा पुढे येतायत." याचा अर्थ काय ते मला माहीत नव्हतं. विक्रेत्यालाही नसावं, पण तो म्हणाला, "सर, तुम्हाला लगेच कळलं." त्या क्षणी मी जवळजवळ चेकबुक काढलं होतं.

क्लास डी नको, हेही मी तिथे बजावलं. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर सारखे चालू-बंद, चालू-बंद होत राहतात, त्यामुळे वीज वाया जात नाही आणि डबा गरम होत नाही. पण माझ्या मते त्यात 'ऊब' नसते. ही ऊब मी कशी मोजतो हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

माझ्या कानाचं माप मात्र घरी निघालं. एका माहितीपत्रकात अ‍ॅम्प १ लाख हर्ट्झपर्यंत वाजतो असं दिलं होतं. माणसाची धाव तारुण्यात फार तर वीस हजारांपर्यंत, त्यापुढे वटवाघळांची सोय. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची धाव कुठपर्यंत आहे ते बघू." त्याने फोनवर कसलंसं अ‍ॅप काढलं. आठ हजार ऐकू आलं, दहा हजार आलं, थोडं बारीक आलं. मग तो नुसताच माझ्याकडे बघत बसला.

"अरे, लाव की पुढचं."

बायकोने कानांवर हात ठेवले होते. "बंद कर रे ते, डोक्यात जातंय," ती म्हणाली. बारा हजार केव्हाचं सुरू होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आईने विचारलं, "काय झालं?" मुलगा तिच्या कानाशी जाऊन ओरडला, "आजी, बाबांना ऐकू येत नाही!" हे मात्र तिला पहिल्या झटक्यात ऐकू आलं. इतकी खूश मी तिला नातू झाला त्यानंतर पाहिली नव्हती.

आता बॅलन्सच्या बटणाकडे येतो. त्याच्यावाचून अडत नाही, पण मला ते बटण आवडतं, आणि संपादकांनी शब्दमर्यादा सांगितली असली तरी विषयमर्यादा सांगितलेली नाही.

आजच्या उच्चभ्रू अ‍ॅम्पवर हे बटण नसतं. बासही नाही, ट्रेबलही नाही. वाटेत जेवढी बटणं तेवढा आवाज बाटतो, असा त्या पंथाचा सोवळेपणा आहे. समोर एकच मोठं गोल बटण, बाकी सगळं फोनमध्ये. पूर्वी तसं नव्हतं. दादरच्या काकांकडे स्टिरिओ आला तेव्हा चाळीतल्या दोन मजल्यांची माणसं जमली होती, आणि काकांनी आधी गाणं लावलंच नाही. आधी बॅलन्स दाखवला. "आता बघा, आवाज इकडे." सगळ्या माना इकडे. "आता तिकडे." सगळ्या माना तिकडे. विम्बल्डन बघत असल्यासारखी चाळ तासभर माना फिरवत होती. मग काकांनी एक वाद्यांची रेकॉर्ड लावली. तेव्हाच्या काही स्टिरिओ रेकॉर्ड अशा वाटणी केल्यासारख्या असत, तबला डावीकडे तर सतार उजवीकडे. भिंतीला टेकून डावीकडे बसलेल्या मंडळींनी सबंध संध्याकाळ नुसता तबला ऐकला, आणि "छान आहे हो, पण चाल कळत नाही" म्हणत ती घरी गेली.

या डाव्या-उजव्याचं मूळही एका होणाऱ्या नवऱ्याच्या कुरकुरीत आहे. ॲलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. पडद्यावर नट चालत एका टोकाला जातो आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडूनच येतो, हे त्याला सहन होईना. तो तिला म्हणाला, आवाज माणसाच्या मागे मागे नेता येईल. १९३१ साली त्याने पेटंटचा अर्ज केलादेखील. सिनेमात कुरकुर करणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही करतो. पण आपली कुरकुर चहाच्या दरावर संपते. ब्लमलाइन १९४२ मध्ये विमान अपघातात अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला, आणि स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला १९५८ साल उजाडावं लागलं. दादरच्या चाळीतल्या माना फिरलेल्या त्याने पाहायला हव्या होत्या.

तर काकांचं बटण. मधोमध आलं की ते बोटांना 'टक्' असं जाणवायचं. पण काकांचा त्या टकेवर विश्वास नव्हता. त्यांनी काकूंच्या करंड्यातलं कुंकू घेऊन बरोबर मध्यावर एक ठिपका लावला होता, आणि ठिपक्यावरून बटण हललेलं दिसलं की घरातल्या पोरांची चौकशी व्हायची. मी एकदा ते मुद्दाम पूर्ण उजवीकडे फिरवून पळालो होतो. काका दोन दिवस डावा स्पीकर खोलून बसले होते. हे आज प्रथमच कबूल करतो आहे. काका आता नाहीत.

आईबद्दल लिहायचं होतं, ते आत्तापर्यंत बटणाआड लपवत आलो.

आईला सात-आठ वर्षांपासून कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज अडतीसवर असतो. तिला दोन्ही कानांची मशीनं आणली, ती डबीत सुपारीच्या शेजारी असतात. "भांडी फार वाजतात त्यात," ती म्हणते. ते खोटं नाही. मशीन वाटीचा आवाज आणि माणसाचा आवाज सारख्याच निष्ठेने वाढवतं. दुकानातल्या बाईंनी मशीन समजावून सांगितलं तेव्हा मी वैतागून घड्याळ बघत होतो. माइक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सगळं शेंगदाण्याएवढ्या जागेत. औषधाच्या गोळीएवढा सेल, त्यावरचं स्टिकर सोललं की हवा लागून तो जागा होतो. ऑल-इन-वन इंटिग्रेटेड म्हणजे याहून काय असतं? आणि आत बहुतेक क्लास डी. ज्याच्यात ऊब नसते, ते.

आई "काय?" म्हणते. आपण पुन्हा सांगतो. ती पुन्हा "काय?" म्हणते. तिसऱ्यांदा आपण म्हणतो, "काही नाही." ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना हा 'काही नाही' ठाऊक असेल. दूधवाल्याबद्दलची गोष्ट असते, तिसऱ्यांदा ओरडून सांगण्याजोगी खरंच नसते. पण दिवसाला असे आठ-दहा 'काही नाही' साठले की त्या माणसाच्या घरात काहीच घडेनासं होतं. आई मग विचारायचीच थांबते. आपण हसलो की हसते. आठ महिने मी खोलीत आवाज कुठून कुठे जातो याचा अभ्यास करत होतो, आणि तिच्या खुर्चीपर्यंत काय पोचतं ते मी एकदाही पाहिलं नाही.

शेवटी दुकानदाराने कंटाळून दोन अ‍ॅम्प एकापाठोपाठ घरी नेऊन ऐकायला दिले. पहिला सोवळा, एका बटणाचा. दुसरा साठ वॅटचा, जरा जुन्या वळणाचा, बास-ट्रेबल-बॅलन्ससकट. पहिला मला फार आवडला. दिसायला विशेषतः. आईने फर्माईश केली म्हणून त्यावर हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या रेकॉर्ड लावल्या. ती ऐकत बसली. संपल्यावर म्हणाली, "छान." तो 'छान' मला ओळखता येतो. हसणाऱ्यांबरोबर हसतात, त्यातला होता.

दुसरा अ‍ॅम्प आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच हिराबाई चालू होत्या. मी बरोबर मधोमध, स्पीकरपासून मोजून सहा फुटांवर बसलो होतो, आणि एकाएकी माझा साऊंडस्टेज, म्हणजे दोन स्पीकरांच्या मध्ये आवाजाने मांडलेला रंगमंच, डावीकडे कोसळला. उठून बघतो तर बायको फडकं मारत होती. तिचा हात लागून बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या खुर्चीकडून टकटक ऐकू आली. ती बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. डावा स्पीकर तिच्यापासून हातभर आहे.

"ही हिराबाई ना?" ती म्हणाली. "परवा लावली होतीस ती कोण होती?"

दोन्हीकडून आलं की तिच्या कानात सगळं कालवल्यासारखं होतं, म्हणे. एकीकडून, जवळून आलं की शब्द कळतात. त्यात हिराबाईंच्या त्या रेकॉर्ड मोनो. त्यात डावं-उजवं मुळातच नाही, त्यामुळे एका बाजूला जे येतं ते सगळंच्या सगळं असतं. तिचं काहीही हुकत नाही. हुकतो तो माझा साऊंडस्टेज.

साठ वॅटचा घेतला. मित्राच्या सत्तरपेक्षा दहाने कमी.

बटण सध्या पार डावीकडे आहे, आणि बायकोने तिथे तिची एक लाल टिकली चिकटवली आहे. घरी कधी आलात, तर कुणी चुकून फिरवलंय असं समजून ते मध्यावर आणू नका.