रिकाम्या गाडीचं वजन

"आता तुमीच सांगा बाई, हे सांगाव का गप राहाव?" मेथीची जुडी भिंतीवर ठेवून काकूंनी विचारलं. जुडी तशीच राहिली, निवडायचं काम अर्धा तास पुढं गेलं.

काकूंची लेक अकोल्याला दिली आहे. तिच्याकडून परत येताना एसटीत पुढच्या सीटवर दोन पोट्टे बसले होते. गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या, एकाच्या बाहीला अन् केसांत कापसाचे तंतू. जिनिंगमधलेच, हे सांगायला नको. पूर्वी या रस्त्यानं शेजारच्याचं बोलणं ऐकू यायची सोय नव्हती, गाडीचे पत्रेच बोलायचे. पण जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनेस बुकात नाव गेलं, अन् तेव्हापासून मागच्या सीटवरच्या बाईला पुढच्यांचं सगळं ऐकू येतं. गडकरी साहेबांनी हा फायदा काही मोजला नसेल.

"तं तो पोट्टा म्हने, रिकाम्या गाडीच्या येळी मी काट्यावरच उभा रायतो. अन् दुसरा खी खी हासला. म्हने, तुयाच भरोशावर तं शेठ मोठा झाला."

"बस, एवढंच?"

"मंग कंडक्टर आला नं वो!"

ज्यांनी कापूस विकला आहे त्यांना यातली मेख लगेच कळते. आधी भरली गाडी काट्यावर चढते, मग कापूस खाली झाला की रिकामी. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे तुमचा कापूस. आता रिकाम्या गाडीसोबत साठ किलोचा एक माणूस काट्यावर उभा राहिला, तर गाडी साठ किलोनं जड अन् कापूस साठ किलोनं कमी. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. म्हणजे एका गाडीमागं 4866 रुपये, नुसतं उभं राहून. शेतात दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईला त्यातलं किती मिळतं, ते काकूच सांगू शकतील; त्यांनी लग्नाआधी वेचा केलेला आहे.

तेवढ्यात डावीकडच्या घरातून वयनी आल्या. शिक्षिका आहेत, त्यामुळं निकाल तयारच असतो. "त्यात काय इचारता? 1064 लावा. रोज तं पेपरात येते, अमक्याले रंगेहात पकडलं, हात गुलाबी झाले."

मी म्हटलं, "वयनी, 1064 हा लाचलुचपतवाल्यांचा नंबर. सरकारी माणसानं पैसे मागितले तर तो. जिनिंगचा पोरगा खासगी नोकर, शेठही खासगी. काटा चुकीचा असेल तर ते खातं वेगळं, वैधमापनशास्त्रवाल्यांचं. दरवर्षी काटा तपासून शिक्का मारतात ते."

"मंग त्यायले सांगा."

"सांगू. ते येतील, काटा तपासतील, अन् काटा एकदम बरोबर निघेल! त्या काट्यानं तर पोट्ट्याचंही वजन बरोबरच दाखवलं नं?"

यावर वयनी थोडा वेळ गप्प बसल्या. आमच्या गल्लीत ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट.

काका आतूनच बोलले. त्यांना सगळं ऐकू येतं, फक्त गॅस बंद करायला सांगितलेलं तेवढं ऐकू येत नाही. "कायले वाकड्यात शिरता? तो सत्येंद्र दुबे इसरले का?" काकांची ही गाडी नेहमी तिथंच येते, पण खोटं काही बोलत नाहीत. महामार्गाच्या कामातला घोळ त्या इंजिनिअरनं थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं, तरी नाव फुटलं, अन् नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्याला गोळ्या घातल्या. आपल्याकडं तळेगाव दाभाड्याला जमिनीचे घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी, जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला निघाले अन् मारले गेले.

पण दुबेंच्या मरणानंतरच 2004 मध्ये केंद्रानं एक वाट काढली, ती काकांनी सांगितली नाही. केंद्राचा नोकर किंवा केंद्राच्या कंपनीचा नोकर गैरव्यवहार करत असेल, तर केंद्रीय दक्षता आयोगाला बंद लिफाफ्यात लिहायचं. लिफाफ्यावर 'पीआयडीपीआय' एवढं टाकायचं, आपलं नाव-पत्ता वर नाही, आतल्या पत्रात. निनावी पत्र चालत नाही. नाव द्यायचं अन् ते आयोगानं झाकून ठेवायचं. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस निगम, ही केंद्राचीच कंपनी. तिची खरेदी जिनिंगांतच चालते. तिचा माणूस यात सामील असेल तर ही वाट उपयोगी. पण पोट्टे 'शेठ' म्हणाले, अन् सीसीआयला कोणी शेठ म्हणत नाही.

खरं सांगू का, मला त्या पोराची जास्त चिंता वाटत होती. तो काट्यावर उभा राहतो म्हणजे चोरीच करतो असं कुठं आहे? मागं घे, अजून घे, बस, असा हात दाखवायलाही माणूस उभा राहतो. दुसऱ्याचं हसणं टिंगलही असेल. अन् चोरी असलीच, तर ती पोराच्या खिशात जात नाही. आपण अर्धं वाक्य ऐकून तक्रार ठोकली की शेठ पहिल्यांदा त्यालाच काढणार, 'नोकरानं केलं, आम्हाला माहीत नव्हतं' म्हणून हात झटकणार. बसमध्ये ऐकलेल्या बोलण्यावर कोणाचं नाव कागदावर घालायला माझं मन धजत नव्हतं. गप्प बसायलाही धजत नव्हतं, कारण त्या काट्यावर आमच्याच गाववाल्यांचा कापूस जातो.

तोड काढली काकूंच्या जावयाच्या मोठ्या भावानं. बार्शीटाकळीकडं शेती, फोन स्पीकरवर.

"मावशी, पोट्ट्याचं नाव घ्याचं काई काम नाई. रिकाम्या टॉलीचं वजन ड्रायवरले तोंडपाठ रायते. आमी तं आधी धर्मकाट्यावर मोजूनच नेतो. तेच टॅक्टर, तेच टॉली, अन् त्यायच्या पावतीवर रिकामं वजन साठ किलो जास्त आलं, तं इचाराचं, बाप्पा, लोखंड वाढलं काय? चार जनायच्या पावत्या जमवा. कोन उभं होतं ते त्यायचं त्यायले सांगू द्या."

मला हे फार पटलं. ऐकीव गोष्ट पुरावा नसते, पण पावत्या कुठं पाहायच्या ते तिनं सांगितलं. आता अर्जात एसटी नाही, पोट्टा नाही, हसणं नाही. फक्त गाडीचे नंबर, तारखा अन् दोन काट्यांवरची रिकामी वजनं. एक प्रत वैधमापनशास्त्राला, एक बाजार समितीला. पावत्या तेवढ्या यायच्या आहेत. फरक निघाला नाही तर अर्जही नाही.

मी मसुदा वाचून दाखवला तर काकूंचा चेहरा उतरला. "अन् मी आयकलं ते?"

"ते लिहिलं नाही."

"मंग मी येवढी कान देऊन काउन बसली वो?"

मी काही बोलणार तोच पोळ्या करणारी बाई फाटकातून आत आली अन् हळूच मला विचारू लागली, "काकूच्या जवायाच्या जिनिंगमंदी म्हने चोरी सापडली?" जावई अकोल्याला शाळेत क्लार्क आहे. काकूंनी मेथी उचलली, वयनींच्या घराकडं एकदा पाहिलं, अन् चप्पल न घालताच तिकडं निघाल्या.