कंदील

राष्ट्रीय कीर्तीच्या एका अर्थविषयक इंग्रजी दैनिकाच्या संपादकांपुढे जाऊन बातमीची कल्पना मांडणे, ज्याला त्या धंद्यातील लोक ‘स्टोरी पिच करणे’ असे म्हणतात, हे काम किती जोखमीचे आहे, याची यथार्थ कल्पना ज्याने हळदीचे पेव पाहिले आहे त्यालाच येऊ शकेल. आणि माझे दैव असे की, मी पेवे अगोदर पाहिली आणि संपादक मागाहून.

सांगलीलगत हरिपूर येथे, जिथे कृष्णेला वारणा मिळते तिथल्या चिवट मातीत, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी फुगीर असे तीन-तीन पुरुष खोल खड्डे खणून त्यांत हळद भरून ठेवण्याचा शिरस्ता फार जुना होता. तोंड मातीने लिंपले की आतली हवा हळूहळू निकामी होते, त्यामुळे किडीचा प्रादुर्भाव होत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे रंग राखून निवांत पडून राहते. मात्र हीच निकामी हवा माणसाचाही मुलाहिजा राखत नाही. म्हणून पेव उघडल्यावर प्रथम काही तास तोंड मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. ज्योत तेवत राहिली तर हमालाने उतरायचे, विझली तर मुकाट्याने घरी जाऊन जेवायचे. माझे मामा मार्केट यार्डात हळदीची अडत करीत, आणि हे ज्ञान त्यांनी मला सातव्या वर्षी, कोणतीही मागणी नसताना, बहाल केले होते.

मुंबईच्या त्या कचेरीत माझा कंदील म्हणजे संपादकांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसणारा, सावंतवाडीकडचा शिपाई. साहेबांची तबियत आत कशी काय आहे, हे तो भुवयांच्या उंचीवरून कळवी. परंतु तरुणपणी माणूस कंदिलावर विश्वास ठेवीत नाही. पेवांवर एक सविस्तर लेख लिहावा, ही माझी दरखास्त घेऊन मी प्रथम आत शिरलो, तेव्हा भुवया साफ मालवलेल्या होत्या.

साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तीन प्रश्न विचारले: उलाढाल किती? यात शेअर बाजारात नोंदलेली कंपनी कोणती? आणि हे आजच का? पैकी पहिल्याचे उत्तर मामांना ठाऊक असले तरी, विक्रीकर अस्तित्वात असेपर्यंत, ते मला सांगणार नव्हते. दुसऱ्याच्या बाबतीत, ज्या सेन्सेक्सच्या 30 कंपन्यांवर त्या दैनिकाचा योगक्षेम चाले, त्यांपैकी एकीनेही हरिपुरास खड्डा खणल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. तिसरा प्रश्न मात्र मला आजतागायत अनाकलनीय वाटतो. बातमी टांगायला खुंटी हवी, तिला ते ‘पेग’ म्हणत. आणि जी वस्तू मुळातच कालहरणासाठी जमिनीत पुरलेली आहे, तिला आजचा मुहूर्त कुठून आणावा? दरखास्त नामंजूर झाली.

पुढे खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचा विषय नेला. दुष्काळी माळावरून उठून ही माणसे केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफ-कट्ट्यांवर सोने-चांदी गाळीत बसलेली आहेत. “यांचा कोणी प्रवक्ता आहे का?” असे साहेबांनी विचारले. मूस आणि भट्टी यांपलीकडे त्यांचा प्रवक्ता नव्हता. फेब्रुवारीत तर काही मांडण्याची सोयच नसे, कारण 28 तारखेच्या अर्थसंकल्पापायी इतर सर्व कामकाज तहकूब असे. 2003 च्या डिसेंबरात एनसीडीईएक्स हा वायदेबाजार सुरू झाला आणि पुढे त्यावर हळदीचेही वायदे होऊ लागले, तेव्हा अखेर खुंटी सापडली म्हणून मी धावत गेलो. साहेब म्हणाले, “वायद्यावर लिहा. खड्डे वगळा.”

त्यानंतर 2005 च्या पावसाळ्यात कृष्णा सांगलीत शिरली. हरिपुरातली पेवे पाण्याखाली गेली, आणि त्याच दिवशी, इतक्या वर्षांत प्रथमच, साहेबांनी स्वतः फोन करून, कमालीच्या आस्थेने, “तुमच्या त्या खड्ड्यांचे काय झाले?” अशी विचारपूस केली. सहा वाजेपर्यंत मजकूर हवा होता. वर्तमानपत्राला आपली आठवण व्हावी एवढ्यासाठी नदीला किती कष्ट घ्यावे लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

मी मजकूर सविस्तर लिहिला: संगम, माती, कंदील, मामा, सगळे यथासांग. डेस्कवरून एकच विचारणा आली, नुकसानीचा आकडा काय? मी मामांना फोन लावला.

“अरे, पाणी ओसरायचं आहे अजून,” मामा म्हणाले. “पेव उघडल्याशिवाय आकडा कसा सांगू?”

“मामा, अंदाजे तरी सांगा.”

“अंदाज? तो तुमच्याकडे तयार असतो ना, शेअरबाजाराचा? त्यातलाच एक लाव.”

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, एका सिमेंट कंपनीच्या तिमाही नफ्याखाली, माझा लेख सुपारीएवढा होऊन प्रसिद्ध झाला. पेवाचे ‘पारंपरिक भूमिगत साठवण सुविधा’ झाले होते, आणि आकड्याच्या जागी ‘मोठ्या प्रमाणावर’ हे दोन शब्द होते. मामांनी शेजारच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्याकडून तो दोनदा वाचून घेतला, आणि रात्री त्यांचा फोन आला.

“बाकी ठीक आहे रे. पण यात कंदील कुठे आहे?”

“कापला, मामा. जागा नव्हती.”

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग काळजीच्या सुरात म्हणाले, “कंदील कापला? मग तुझे साहेब आत उतरतात कसे?”