आधी कडबा, मग कपिला

नांदेड-लातूरकडे दोन माणसं चहाला बसली की तिसऱ्या घोटाला 'जोडधंदा' हा शब्द निघतो आणि चौथ्या घोटाला गाय येते. पुढचं गणित बशीतच सुटतं. दोन गाई, दर गाईला दहा लिटर, लिटरला पस्तीस रुपये, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे झाले 21,000 रुपये. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात हेच गणित असतं, फक्त टायपिंग बरं असतं आणि खाली सीए साहेबांचा शिक्का असतो. त्या गुणाकारात चूक कुणाला काढता यायची नाही. त्यात फक्त गाय नाही. गाईच्या जागी एक नळ आहे, जो जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत रोज दहा लिटर वाहतो, आजारी पडत नाही आणि पाव्हण्यासारखा खात नाही. म्हणून या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्याला माझं सांगणं जरा उफराटं आहे: गोपालन सुरू करायचं तर गाय सगळ्यात शेवटी घ्यावी. लोक नेमकं उलट करतात. गाय दारात आणतात, तिला हळदकुंकू लावतात, फोटो काढतात आणि मग संध्याकाळी सातला विचारतात, 'हिला खायला काय घालायचं?'

आता काय घालायचं ते बघू. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी आणि पाच-सहा किलो वाळली वैरण लागते, पेंड वेगळी. दोन गाईंचा वर्षाचा हिशेब केला तर हिरवा चारा सतरा-अठरा टन आणि कडबा चार टनांच्या पुढे जातो. एके काळी या भागात हा प्रश्नच नव्हता, कारण शेतात ज्वारी होती. माणसांनी कणसं खायची आणि जनावरांनी ताटं, अशी वाटणी ठरलेली होती. मग सोयाबीन आलं. लातूरचा बाजार सोयाबीनच्या भावानं ओळखला जाऊ लागला, तेलाच्या गिरण्या आल्या, पैसा आला. ज्वारी मात्र बांधाकडेला सरकली आणि तिच्यामागून कडबाही गेला. सोयाबीनची मळणी झाल्यावर जी गुळी उरते ती जनावरं खातात, नाही असं नाही. पण कडब्याच्या जागी गुळी म्हणजे पुरणपोळीच्या जागी पोळीचा कागद. त्यामुळे आजचा नवा गोपालक सोयाबीन विकून आलेल्या पैशातून कडबा विकत आणतो आणि दूध विकून त्या पैशाची भरपाई करतो. या फेऱ्यात फायदा कुणाचा होत असेल तर टेम्पोवाल्याचा. याउलट पाण्याखालच्या दहा-बारा गुंठ्यांत संकरित नेपियरसारखं गवत नीट लावलं तर दोन गाईंचा हिरवा चारा घरच्या घरी निघू शकतो, आणि एका तुकड्यात रब्बी ज्वारी पेरली तर कडब्याची गंजी दारात उभी राहते. ही गंजी पाहून कुणी फोटो काढत नाही, हाच तिचा दोष.

'पाण्याखालच्या' हा शब्द मी वर सहज लिहून गेलो, पण लातूरला तो सहज लिहिण्याचा शब्द नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. एका गाईला पिण्याला आणि धुण्यापुसण्याला मिळून दिवसाला साठ लिटर धरले तर ती सगळी ऐतिहासिक गाडी आठ हजार गाईंनी एका दिवसात संपवली असती, आणि संध्याकाळी पुन्हा रिकाम्या हौदात तोंड घालून हंबरल्या असत्या. दुष्काळात माणूस टँकरच्या रांगेत घागर ठेवून गप्पा मारतो. गाईला रांग कळत नाही. तेव्हा मे महिन्यातली विहीर वाकून बघितल्याशिवाय डिसेंबरात गाय बघायला जाऊ नये. ऑगस्टमधली विहीर बघून तर कुणीच काही ठरवू नये, त्या महिन्यात सगळेच श्रीमंत असतात.

वैरण-पाण्याची सोय झाली की पंचांग. गाय गाभण राहिली की साधारण 280 दिवसांनी विते. व्यायल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा गाभण राहिली आणि विण्याआधी दोन महिने आटवली, तर वर्षाला एक वेत आणि दहा महिने दूध, हा आदर्श. या आदर्शाच्या आड येतो माज. तो साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि पुरता दिवसभरही टिकत नाही. गाय हंबरते, दुसरीवर उडते, काचेसारखा पारदर्शक सोट टाकते, हे पुस्तकात. प्रत्यक्षात ती हे सगळं रात्री अडीच वाजता करते, मालक घोरत असतो आणि सकाळी ती शांतपणे रवंथ करत बसलेली असते. काही तर मुका माज दाखवतात, म्हणजे काहीच दाखवत नाहीत. एक माज हुकला की एकवीस दिवसांची वैरण फुकट. दिवसाला दोनशे रुपये धरले तरी बेचाळीसशे रुपये. डॉक्टरला बोलावून रेतन केलं आणि गाय उलटली, तर आणखी एकवीस. अहवालात या बाबीला रकाना नाही. त्यातच हौशी माणूस दोन्ही गाई एकाच दिवशी, एकाच आठवड्यात व्यायलेल्या अशा घेतो. पुढल्या वर्षी दोघी जोडीनं भाकड होतात, आणि दुधाच्या धंद्याचा मालक चहासाठी पिशवीचं दूध आणायला जातो.

इथे आक्षेप येतो की हे रडगाणं दोन-तीन लिटरवाल्या गावठी गाईचं झालं; होल्स्टीन आणा, ती पंधरा लिटर देते. देते, यात वाद नाही. पण थंड मुलखातली ही पाव्हणी नांदेडच्या मे महिन्यात धापा टाकते, पंखा मागते, फवारे मागते, आणि माणसाच्या खोलीत भारनियमनात हातपंखा चालतो तेव्हा गोठ्यात इन्व्हर्टर लागतो. याच मातीतल्या दोन जाती मात्र उन्हाला जन्मापासून ओळखतात. कंधारची लाल कंधारी, आणि लातूर जिल्ह्यातली देवणी. देवणीतही तीन ठसे: तोंडाच्या बाजूला काळी ती वानेरा, पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूनं ठिपके असलेली बालंक्या, आणि अंगभर काळे ठिपके उधळलेली शेवेरा. लाल कंधारी एका वेताला सहाशे लिटरच्या आसपास दूध देते, देवणी त्याहून बरी, पण हजाराच्या अलीकडेच. फक्त लिटर मोजायचे तर दोघी नापास. या गाईंचा खरा पगार दुधात नसून गोऱ्ह्यात आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देखण्या देवणी जोडीभोवती जी गर्दी जमते ती दुधाच्या किटलीभोवती कधी जमत नाही. हेडी आधी ओठ उचलून दात बघतो: आदत, दोन दाती, चार दाती, की जुळलेला. मग रुमालाखाली हात जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. वर दोघांचे चेहरे असे, की जणू पावसाची चर्चा चालली आहे.

ट्रॅक्टर आल्यावर बैल घेतो कोण, हा पुढचा आक्षेप, आणि तो खरा आहे. गिऱ्हाईक घटलं. जे उरलं ते हौशी आणि पारखी, म्हणजे साधा गोऱ्हा मागे पडतो. शिवाय प्रकल्प अहवालाच्या शेवटी यंत्राची भंगार किंमत लिहितात तशी गाईची लिहिता येत नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यानं बंदी होती, मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. हे बरं की वाईट यावर भांडायला माणसं भरपूर आहेत. हिशेबापुरतं एवढंच, की सात-आठ वेतांनंतर गाय निवृत्त होते आणि पुढची कित्येक वर्षं पेन्शनवर असते. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि दिवसाला 50 रुपये अनुदानही ठरवलं, पण ते गोशाळेतल्या गाईंना. दोन गाईंच्या गोठ्याला आईचा मान मिळाला, डबा मिळाला नाही. शेण मात्र कुठल्याही वयात मिळतं, रोजचं दहा-बारा किलो, आणि रासायनिक खताच्या गोणीचा भाव पाहिला की म्हातारी गाय अगदीच बसून खात नाही हे कळतं. अहवालवाल्यांनी शेणाला नाक मुरडू नये.

दुधाच्या भावाचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुमच्या हातात नाही. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे माप. पॉइंट घसरला की दर घसरतो. चिठ्ठी हातात पडेपर्यंत भाव कळत नाही. 2024 मध्ये सरकारनं लिटरला आधी 5 आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान दिलं, यावरूनच नुसत्या भावावर गोठा चालत नाही हे उघड आहे. रोगाचंही तसंच. 2022 मध्ये लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद झाले, दगावलेल्या दुभत्या गाईला 30,000 रुपये मदत मिळाली. त्या पैशात तशीच दुसरी गाय येत असेल तर तिचे दात नीट मोजावेत.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जोरकस असतो: वैरण पेरून वर्षभर वाट बघत बसलो तर योजनेची मुदत निघून जाईल. दोन जनावरांच्या गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान, यादीत देवणी आणि लाल कंधारीसुद्धा, एवढं सोडायचं? सोडू नये. पण योजनेचं गाईसारखंच आहे, एक माज हुकला तर पुढचा येतो. आणि अनुदान गाय घ्यायला मिळतं, तिला जेवू घालायला नाही. म्हणून मार्गशीर्ष वद्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली की पहिल्या वर्षी रिकाम्या खिशानं जावं. भंडारा लावावा, घोडे-उंट बघावेत, गाढवांच्या बाजारातून एक चक्कर मारावी, चार गाईंचे ओठ उचलून दात मोजायला शिकावं आणि परत यावं. घरी रब्बीची ज्वारी निसवायला आलेली असेल. माघ-फाल्गुनात ती काढावी, कडब्याची गंजी लावून वर ताडपत्री बांधावी, वैशाखात विहिरीत दगड टाकून आवाज ऐकावा. डुबुक असा आला, तर पुढच्या मार्गशीर्षात रुमाल घेऊन जायला हरकत नाही.