कांद्याला कॅबिनेट दर्जा द्या

सरकार छोटे असावे, कर थोडे असावेत, बाजारात सरकारने लुडबुड करू नये, असे म्हणणारी सज्जन मंडळी अधूनमधून पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहांत जमतात. चहा उत्तम असतो. त्यांना एकच विनंती, पुढची सभा लासलगावच्या बाजार समितीत घ्या. मुक्त बाजार तिथे अगदी जवळून बघायला मिळतो. अट एवढीच, की त्या दिवशी भाव पडलेला हवा.

भाव पडला की सरकारचा अर्थशास्त्राचा अभ्यास एकदम पक्का होतो. मागणी कमी, आवक जास्त, आम्ही काय करणार? फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा घातला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई कापून पट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात पडला 2 रुपयांचा धनादेश. तोही पुढच्या तारखेचा! अ‍ॅडम स्मिथचा अदृश्य हात म्हणतात तो हाच. धनादेशावर सही बहुधा त्याचीच असावी.

मग राज्य सरकारला पाझर फुटला. क्विंटलमागे 350 रुपये अनुदान, 200 क्विंटलपर्यंत. फक्त सातबाऱ्यावर पीक नोंदलेले हवे. कांदा वावरात होता, ट्रॅक्टरमध्ये होता, लिलावातही होता, पण कागदावर नसेल तर तो नव्हताच.

भाव चढला, की मात्र हात दिसू लागतो. 19 ऑगस्ट 2023, वार शनिवार. निर्यातीवर 40 टक्के शुल्क. ऑक्टोबर सरता सरता टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद. चार महिने पुरे व्हायच्या आत तीन औषधे, आणि रोग काय, तर शेतकऱ्याला दोन पैसे सुटत होते.

पण आमचे सर्वांत लाडके वर्ष 2020. जूनमध्ये वटहुकूम निघाला, की 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून कांदा सुटला, आता साठवा, विका, मोकळे व्हा. 15 सप्टेंबरला लोकसभेने त्या विधेयकावर मंजुरीची मोहोर उठवली. आणि निर्यातबंदी? ती 14 सप्टेंबरला, म्हणजे आदल्याच दिवशी लागू झाली होती. स्वातंत्र्य देण्याआधी दाराला कडी घालून घेण्याची ही दूरदृष्टी कौतुकास्पद आहे. ऑक्टोबरात त्याच सुधारित कायद्यातल्या अपवादाचे बोट धरून साठ्यावर मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळवाल्याला 2 टन. पुढच्या वर्षी तो कायदाच रद्द झाला, त्यामुळे कांदा कधी सुटला होता की नाही, हा प्रश्न आता इतिहासकारांवर सोपवावा.

शेतकरी नेते शरद जोशी चाकणच्या कांदा आंदोलनापासून सांगत होते, की उपकार नकोत, फक्त आडवे येऊ नका. इतके धोकादायक बोलणाऱ्या माणसाला आपण शेवटी राज्यसभेवर पाठवले. भाषण करा म्हटले. कांदा मात्र दिल्लीने स्वतःकडेच ठेवला.

ठेवणारच. 1998 मध्ये दिल्ली राज्याचे सरकार ज्याने रडवून घालवले, त्याला मोकळा सोडायचा कसा? 4 मे 2024 रोजी निर्यातबंदी उठली, नाशिक आणि दिंडोरीत मतदान 20 मे रोजी होते. सोळा दिवसांत कांदा खूश होईल असा हिशेब असावा. दोन्ही जागा गेल्या.

तेव्हा आता हा लपंडाव पुरे. ज्याच्यासाठी शनिवारीही अधिसूचना निघते, ज्याच्या एका हालचालीने सरकारला घाम फुटतो, त्याला सरळ कॅबिनेट मंत्री करावे. खर्च काही नाही. बंगला लागत नाही, साहेबांना चाळीत राहायची सवय आहे. मागेपुढे फिरायला अधिकारी आधीपासूनच नेमलेले आहेत. खाते कुठले द्यायचे, तर ग्राहक व्यवहार देऊ नये, तिथे त्यांचे शत्रू बसतात.

परदेश दौऱ्यांची तेवढी अडचण आहे. 1 एप्रिल 2025 पासून निर्यात शुल्क शून्य झाले, तेव्हा शपथविधी झाला की पहिला दौरा दुबईचा काढावा, आणि दिल्लीतल्या भाजीवाल्याने भावाची पाटी बदलायच्या आत जहाज न्हावाशेव्यातून बाहेर पडलेले बरे.